आठव्या दिवसाची पाहुणी

जून लागला की नेदरलँड्समधल्या आमच्या उइटहॉर्नच्या गल्लीत दप्तरं वर चढतात. शाळेच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो, आणि पास झालेल्या पोराच्या घरावर झेंड्याच्या काठीला त्याचं जुनं दप्तर बांधून लावायची इथली रीत आहे. झेंडा फडफडतो, दप्तर भिंतीवर धपधप आपटतं. यंदा आमच्या रांगेत तीन लागली. माझी तेरा वर्षांची तारा सायकलवरून उतरता उतरता ती मोजते आणि कुणाकुणाची ते मला डचमध्ये सांगते. मी मराठीत "छान" म्हणते आणि आत येऊन शिलाई मशीनवर बसते. सुईत दोरा ओवायला त्या दिवशी मला फार वेळ लागतो.

करोनाच्या दुसऱ्या वर्षीचा वसंत फार सुंदर होता. हे लिहायलासुद्धा नको वाटतं, पण होता. कालव्याकाठी बदकांची पिल्लं, ओल्या गवताचा वास, आणि डोक्यावर कधी नव्हे इतकं निळं, मोकळं आभाळ. आमचं घर विमानांच्या वाटेवर आहे. एरवी ती इतकी खाली येतात की कपाटातल्या कपबश्या किणकिणतात. त्या वसंतात ती जवळजवळ थांबलीच होती. शेजारचे डच लोक बागेत खुर्च्या टाकून म्हणायचे, काय ही शांतता! मी ती शांतता ऐकत आभाळात विमान शोधायचे. माझी आई अकोल्याला होती.

आई सरकारी दवाखान्यात आया होती, प्रसूतीच्या वॉर्डात. तीस वर्षं. तिच्या पांढऱ्या साडीला साबुदाण्याची खळ असायची. साडी नेसून ती चालली की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा, आणि वॉर्डातल्या बाया म्हणायच्या, आली बाई आली. आमच्या वस्तीतली कुणी बाळंतपणाला आली आणि कळा देताना ओरडली की एखादी सिस्टर म्हणायची, "तुमच्या बायका तर काटक असतात, कशाला ओरडते?" आई घरी येऊन हे सांगायची. रागाने नाही. भाकरी थापता थापता, साधं. "त्यायले वाटते आपल्याले दुखतच नाही," एवढंच म्हणायची आणि भाकरी उलटायची.

एप्रिलमध्ये तिला ताप आला. फोनवर म्हणाली, "मले काई झालं नाही वं. तू जेवली का?" चौथ्या दिवशी दादानं तिला दवाखान्यात नेलं, ज्या दवाखान्यात तिनं आयुष्य काढलं तिथंच. सातव्या दिवशी सकाळी, मी ताराच्या डब्यात ब्रेड भरत होते, तेव्हा दादाचा फोन आला. मागे कुणीतरी दुसरंच रडत होतं. मला कळलं. मी ब्रेडच्या दोन्ही चकत्यांना नीट लोणी लावलं, डबा बंद केला आणि ताराला म्हटलं, हेल्मेट घाल.

त्या मुलीनं आयुष्यात कधी हेल्मेट घातलं नव्हतं. इथं कुणी घालत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

आईला घरी आणलं नाही. दादा मोक्षधामाच्या फाटकापर्यंत गेला, तिथून पुढं कुणाला सोडत नव्हते. माझा नवरा मिलिंद तीन दिवस विमानं शोधत होता आणि मग विमानंच बंद झाली. त्यानं लॅपटॉप मिटला आणि मला जवळ घेतलं. मी म्हटलं, "असू दे, मला शिवायचं आहे." मी घरूनच कपडे दुरुस्त करून देते, तेव्हाही द्यायचे. चेन बदलणं, उंची कमी करणं, उसवणं, वाढवणं. त्या आठवड्यात मी शेजारपाजारच्या सतरा पँट शिवल्या. रडू काही आलं नाही.

हर्मिना आमच्या भिंतीपलीकडे राहायची. छपन्न वर्षांची, उंच, रुंद खांद्यांची, आणि हसली की भिंतीतून ऐकू येणारी. मूळची सुरिनामची. दक्षिण अमेरिकेतला तो देश पूर्वी डचांच्या ताब्यात होता, आणि आफ्रिकेतून माणसं धरून नेऊन तिथल्या उसाच्या मळ्यांत राबवली होती. हर्मिनाच्या पणजीची आई अशा मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली होती. हर्मिना विशीत इथं आली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला लागली आणि करतच राहिली. नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला खूप वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची सतरा वर्षांची मुलगी नओमी. मला ती "मायशे" म्हणायची. डचमध्ये त्याचा अर्थ पोरी. पण माझ्या कानाला त्यात माय ऐकू यायची, आणि ते मी तिला सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, "मग दोन्ही समज."

आई गेल्याचं तिला मिलिंदनं सांगितलं असावं. ती लगेच आली नाही. मला जरा लागलंही ते. पण त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी आठव्या दिवशी बसतात, आणि तिनं दिवस मोजले होते. आठव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात हर्मिना, हातात टॉवेलात गुंडाळलेली गरम काचेची परात, तोंडावर मास्क, डोक्याला पांढरा रुमाल.

"घरात एकच पाहुणा चालतो म्हणे," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."

परातीत कोंबडी आणि किसलेला कंद घालून भाजलेला त्यांचा सणासुदीचा पदार्थ होता. तिनं टेबलावर पाच ताटल्या मांडल्या. आम्ही तिघं आणि ती, चार. पाचवी तिनं रिकाम्या खुर्चीपुढं ठेवली आणि त्यात सगळ्यात आधी वाढलं.

मी अवघडले. आमच्या आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला तेव्हा हे सगळं मागं टाकलं होतं. पिंड नाही, कावळा नाही, मेलेल्याला जेवण नाही. आई असती तर म्हणाली असती, मेलेल्याले कायचं जेवण? मी तसं हर्मिनाला सांगितलं, जमेल तशा इंग्रजी-डचमध्ये.

ती म्हणाली, "ती जेवणार नाही हे मलाही माहीत आहे. हे तुझ्यासाठी आहे. ताट समोर असलं की माणूस बोलायला लागतं. बोल. ती काय खायची?"

"ज्वारीची भाकरी. ठेचा," मी म्हटलं. "वांगं आवडायचं नाही तिला."

"का?"

"लहानपणी रोज तेच मिळायचं म्हणून."

आणि मी बोलायला लागले. वांग्यावरून साडीवर, साडीवरून वॉर्डावर, वॉर्डावरून त्या फाटकावर. तारा पहिल्यांदाच हे ऐकत होती. मी मराठीत घसरले तरी हर्मिनानं मला थांबवलं नाही. मी गप्प झाल्यावर तिनं विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात शेवटी?" मी मेणबत्ती लावली आणि त्रिसरण म्हणायला लागले. बुद्धं सरणं गच्छामि. दुसऱ्या ओळीला माझा आवाज फुटला. तेव्हा हर्मिनानं शब्द माहीत नसताना तो सूर उचलला, तोंड मिटून, नुसत्या घशातून, आणि मला परत आवाज येईपर्यंत धरून ठेवला.

जाताना दारात ती म्हणाली, "माझी आई गेल्या वर्षी गेली. सुरिनामला, पारामारिबोत. तेव्हाही विमानं नव्हती. आठव्या दिवशी मी ड्यूटीवर होते. त्या दिवशी आमच्याकडे दोन म्हातारे गेले. मला बसताच आलं नाही." तिनं टॉवेल खांद्यावर टाकला. "आज बसले."

त्यानंतर दर रविवारी दुपारी ती यायला लागली. येताना एक पत्र्याचा डबा आणायची. डब्यात तिच्या आईचे सुती रुमाल होते, चौकोनी, मोठे, खळ घालून पापडासारखे कडक केलेले. सुरिनामी बायका ते डोक्याला बांधतात, त्याला आंगिसा म्हणतात. प्रत्येक घडीला अर्थ असतो. मालकिणीसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, तेव्हा बायका घड्यांनी बोलायच्या, असं हर्मिना सांगायची. एक घडी म्हणजे 'बोलू दे लोकांना'. एक म्हणजे 'कोपऱ्यावर थांब, आलेच'. ती एकेक घडी घालायची, टाचण्या लावायची आणि स्वतःच हसत सुटायची.

"खळ कशाची?" मी विचारलं. शिवणाऱ्या बाईला पहिला प्रश्न हाच पडणार.

"एका कंदाची. कसावा."

मी साबुदाण्याचा डबा उघडून तिला दाखवला. साबुदाणाही त्याच कंदाचा होतो. तिनं दाणे तळहातावर घेतले, वास घेतला, दातानं एक फोडला. मग आम्ही दोघींनी आईच्या पद्धतीनं साबुदाणा शिजवून, गाळून, पाणी घालून खळ केली. तिच्या आईच्या रुमालाला माझ्या आईची खळ. दोरीवर तो रुमाल वाळताना मी खिडकीतून कितीतरी वेळ बघत होते. नओमी अभ्यासातून उठून आली, एक घडी करून बघितली, कंटाळली. "ममा, हे सगळं व्हिडिओत मिळतं." हर्मिना मला म्हणाली, "तू शिक. कुणाच्या तरी हातात राहू दे." मी तिच्या समोर बसून शिकले.

शेवटची घडी दुःखाची. पांढऱ्या कापडाची, निळ्या काठाची. ती तिच्या आईची स्वतःची होती, तिला नाव नव्हतं.

या रविवारांच्या आधीपासून आणखी एक गोष्ट चालली होती, आणि ती माझ्या वहीत होती. फेब्रुवारीत हर्मिनानं कामाचा गणवेश कंबरेत सैल करायला आणला होता. मार्चअखेर परत आणला. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा. मी वहीत मापं लिहून ठेवते. अडतीस, साडेएकोणचाळीस, एक्केचाळीस. आणि तिचा चेहरा तर उतरत चालला होता. गालाची हाडं वर आली होती. जेवायची चिमणीएवढं. पायातले मोजे काढले की घोट्यावर त्यांच्या काठाची खोल खाच राहायची, बराच वेळ भरून यायची नाही. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचं ताराचं चित्र बघायची. एकच चित्र, दर वेळी.

हिवाळ्यात तिला करोना होऊन गेला होता. हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला, तिनं दोनदा फोन केला होता. तेव्हा फोनवरच जास्त चालायचं. उत्तर मिळालं, करोनानंतर असा थकवा महिनोन्‌महिने राहतो, वयही तसं आहे, विश्रांती घ्या. "आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाली माहितीय? तुम्ही तर दणकट आहात. तुमच्या आवाजावरून वाटत नाही."

मी शिवण थांबवून तिच्याकडे बघितलं. तुमच्या बायका तर काटक असतात. अकोल्याच्या वॉर्डापासून इतक्या लांब, पायात चांगले बूट, हातात पेन्शनचा हक्क, आणि वाक्य तेच. बाई काळी असली, राबणारी असली, की तिचं दुखणं लोकांना दिसत नाही. आणि आपणही ते दाखवायला लाजतो, कारण ज्या आयांनी आपल्याला वाढवलं त्यांनी कधी दाखवलं नव्हतं. हर्मिना म्हणायची, आमच्याकडे थकलेय म्हणणं म्हणजे आईला नाव ठेवल्यासारखं.

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी ती कुंपणाशी आली. जवळच्या दवाखान्यात समोरासमोर भेटायची वेळ मिळाली होती तिला, दुसऱ्या दिवशीची, मंगळवारी दहाची.

"मायशे, येशील माझ्याबरोबर? सोबत एक माणूस चालेल म्हणालेत. मी एकटी बोलले की त्यांना कमी ऐकू येतं. तुझ्याकडे मापं आहेत. तू नुसतं बसून ती वाचून दाखव."

आधीचा आठवडा मला फार वाईट गेला होता. दादानं आईच्या जलदान विधीचे फोटो पाठवले होते. खुर्च्या रिकाम्या, फोटोला हार, आणि आईची चप्पल दाराशी तशीच, कुणी उचलली नाही. माझ्या अंगात काही उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "मला नाही जमणार, हर्मिना. माझी आई गेलीय."

हे असं म्हटलं. जणू तिला माहीत नव्हतं. जणू तिची नव्हती गेली.

"हो गं," ती म्हणाली. "बरोबर आहे तुझं. झोप जरा." आणि कुंपणावरून हात लांब करून माझ्या केसांवरून फिरवला, नियम मोडून.

मंगळवारी मी तिला खिडकीतून जाताना बघितलं. चांगला कोट घातला होता. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावून थांबली, मग गेली. परत आली ती लोहाच्या गोळ्या घेऊन. रक्त कमी आहे म्हणाले, विश्रांती. मला एवढंही सुचलं नव्हतं की आपण नाही तर नाही, निदान मापं कागदावर उतरवून तिच्या हातात द्यावीत. आजही सगळ्यात जास्त तेच टोचतं. दोन मिनिटांचं काम होतं.

मग जून. दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला. शाळेतून फोन येतो पास झाल्याचा. नओमीच्या किंकाळीनं आमच्याकडे ताराच्या हातातला चमचा पडला. आम्ही सगळे बाहेर धावलो. हर्मिनानं झेंडा काढलाच होता, स्टुलावर तीच चढणार म्हणून हट्ट. मिलिंद म्हणाला, "मी लावतो, ताई." ती म्हणाली, "माझ्या घरातलं पहिलं दप्तर आहे. माझ्या आईनं चौथीत शाळा सोडली." ती चढली. दप्तराचे बंद काठीला बांधताना तिचे ओठ निळसर झालेले मी पाहिले. पाहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. उतरून ती पायरीवर बसली, छातीवर हात ठेवून, आणि हसत होती. इतकं हसत होती की ते दुसरं काही असेल असं कुणाला वाटलं नाही.

नऊ दिवसांनी ती कामावर असताना कॉरिडॉरमध्ये कोसळली.

रुग्णालयात भेटायला एकालाच सोडत होते, ती नओमी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मला फोन आला. "टांटे," ती मला मावशी म्हणते ते असं, "डॉक्टर विचारतायत सूज कधीपासून. तुझ्या वहीत आहे ना?" तिनं फोन डॉक्टरांकडे दिला. तरुण आवाज होता, थकलेला. मी वही उघडली आणि माझ्या मोडक्या डचमध्ये वाचायला लागले. फेब्रुवारी, तारीख, कंबर. मार्च, तारीख, कंबर. एप्रिल. घोट्याची खाचसुद्धा मी टीप म्हणून लिहिली होती, पँटच्या पायाची मोहरी किती रुंद सोडायची यासाठी. पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"हे आधी कुणाला दाखवलं होतंत का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं तेही लिहून घेतलं. धन्यवाद म्हणाला. हृदय महिनोन्‌महिने हरत आलं होतं, पाणी अंगात साठत होतं, हे मला नंतर कळलं. चौथ्या दिवशी सकाळी हर्मिना गेली.

दुपारी नओमी आमच्या दारात उभी राहिली. हातात तो पत्र्याचा डबा.

"मला घडी येत नाही," ती म्हणाली. "ममानं तुला शिकवली ना? शेवटची?"

मी शिवणाचं टेबल रिकामं केलं. पांढरा रुमाल निळ्या काठाचा. पहिल्यांदा कोपरा सुटला. दुसऱ्यांदा टाचणी माझ्या बोटात गेली, रक्ताचा ठिपका पडू नये म्हणून मी बोट तोंडात धरलं. नओमीनं टाचण्यांची डबी माझ्याकडे सरकवली. तिसऱ्यांदा बसली. मी तो रुमाल तिच्या डोक्यावर ठेवला, आणि आरशात तिनं स्वतःकडे बघितलं. मग दुसरा घेऊन मी तिला पहिल्यापासून शिकवायला लागले. असं. आता हे आत. अंगठा इथं. हर्मिनाचे शब्द माझ्या तोंडातून जसेच्या तसे निघत होते, आणि ते ज्या मुलीचे होते तिलाच मी ते परत देत होते.

अंत्यविधीला खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. मोठ्यानं गाऊ नका असं सांगितलं होतं. सुरिनामी म्हाताऱ्या बायका पांढऱ्या-निळ्या कपड्यांत आल्या होत्या, त्यांनी तोंड मिटून गायलं. सगळं सभागृह घुमत होतं आणि एकाही तोंडातून शब्द नव्हता. शेवटी त्यांतली एक काठी टेकत नओमीपाशी आली, तिच्या रुमालाला बोट लावलं.

"ही कुणी घातली?"

नओमीनं माझ्याकडे दाखवलं.

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उलटी आहे. हिच्या आजीनं घातलेली मी पाहिलीय. उजव्याचं डावीकडे झालंय."

मला एकदम उमगलं. मी हर्मिनाच्या समोर बसून शिकले होते, शेजारी नाही. आरशातल्यासारखं सगळं उलटं माझ्या हातात उतरलं होतं. मी टाचण्या काढायला पुढं झाले, तर म्हातारीनं माझा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली. "कुणी काही म्हणणार नाही."

तिचा आठवा दिवस आम्ही केला. हर्मिनाची बहीण आली होती, ती पुढं वर्षभर नओमीजवळ राहिली. मी ज्वारीची भाकरी केली, कारण तेवढंच मला नीट येत होतं. हर्मिनाच्या ताटात भाकरी वाढताना मला वाटलं, बोलावं, आत्ताच सांगून टाकावं सगळ्यांना, की तिनं मला बोलावलं होतं आणि मी गेले नाही. ताट समोर असलं की माणूस बोलायला लागतं म्हणतात. मी नाही बोलले.

डिसेंबरात मी अकोल्याला जाऊन आले. आईच्या कपाटातल्या साड्या मऊ पडल्या होत्या, कुणी खळ घातली नव्हती. त्यातली एक घेऊन मी पलंगावर बसले आणि मग रडले. आईसाठी सुरुवात केली आणि मधेच कुठंतरी ते हर्मिनासाठी झालं. दादा दारात येऊन परत गेला.

इथं आल्यावर मी डच भाषेचा वर्ग लावला. आता मला बऱ्यापैकी बोलता येतं. ओळखीतली कुणी बाई दवाखान्यात जायला कचरत असली, मग ती आपल्याकडची असो, सुरिनामी असो, घानाची असो, तर मी बरोबर जाते. दुसऱ्या खुर्चीवर बसते. कधी कधी एकच वाक्य बोलावं लागतं, "त्यांचं अजून सांगून झालं नाही." बऱ्याच डॉक्टरांना ते पुरतं. ते वाईट लोक नसतात. त्यांच्याकडे दहा मिनिटं असतात आणि आमच्याकडे तक्रार न करण्याची काही शतकांची सवय. मिलिंद म्हणतो, तू बरं काम करतेस. मी त्याला म्हणत नाही की हे काम नाही. ज्या मंगळवारी जायला हवं होतं तो काही परत येत नाही, म्हणून मी बाकीच्या मंगळवारांना जाते.

पुढच्या उन्हाळ्यात नओमी ब्रेडा शहरात शिकायला निघाली. घर भाड्याचं होतं, ते सोडायचं ठरलं. मी भांडी कागदात गुंडाळायला गेले. तिची मावशी बाहेर गाडीत सामान भरत होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. फडताळं उघडी, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी एक पांढरा चौकोन. मला वाटलं, आज नाही सांगितलं तर ही मुलगी मला आयुष्यभर प्रेमानं टांटे म्हणत राहील, आणि दर वेळी मला चोरी केल्यासारखं वाटेल.

मी म्हटलं, "नओमी, तुझ्या आईनं मला बोलावलं होतं. त्या मेमधल्या मंगळवारी, डॉक्टरकडे. मापं घेऊन चल म्हणाली होती. मी नाही म्हटलं."

तिच्या हातात कप होता. तिनं तो कागदात गुंडाळला, परत सोडवला, ओट्यावर ठेवला. मी शिव्यांची वाट बघत होते. मला त्या हव्या होत्या.

"कधी विचारलं होतं तुला?" तिनं विचारलं.

"सोमवारी. संध्याकाळी."

तिनं कप परत कागदात गुंडाळला.

"मला दुपारी विचारलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, ममा, माझी परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात. तू मोठी बाई आहेस, तुला बोलता येतं."

तेरा महिने. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी तेच ओझं घेऊन उठत होतो, तेच घेऊन झोपत होतो, आणि कुंपणावरून एकमेकींना डबे देत होतो.

"तुझी चूक नाही" असं मी तिला म्हणू शकले नाही. तिनंही मला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित दोघींनीही त्यावर विश्वास ठेवला नसता. ती हळूच खाली फरशीवर बसली, मी तिच्या शेजारी बसले. समोर नाही, शेजारी. बाहेरून तिच्या मावशीनं हाक मारली, गाडी भरली म्हणून. मग थोड्या वेळानं परत मारली. नओमी म्हणाली, "येतो आम्ही," इतकं हळू की ते फक्त मलाच ऐकू आलं, आणि आम्ही दोघीही उठलो नाही.